समय्या आणि तीन जागांचा नियम

समय्या, तुझ्या मातीला मी पोचलो नाही. सकाळी फोन आला तेव्हा मी खाणीच्या गेटवर होतो. ड्युटी सोडून तसाच निघालो, पण आलापल्लीच्या पुढे गाडी बंद पडली आणि त्या जंगलातल्या रस्त्यावर दुसरी गाडी मिळेपर्यंत दिवस कलला. सिरोंच्याला उतरलो तेव्हा नदीवरून सगळे परत आले होते. तुझ्या अंगणात बायका बसल्या होत्या, तेलुगूत काही बोलत होत्या. त्यातलं मला तुझं नाव तेवढं कळत होतं.

पुढच्या आठवड्यात लीगवाल्यांनी चंद्रपुरात शोकसभा ठेवली. दिवाकर, तू त्याचा सगळ्यात जुना दोस्त, तू बोल, म्हणाले. मी उठलो आणि मला बोलता आलं नाही. लोकांना वाटलं गळा दाटला. खरं कारण वेगळं होतं. तुझ्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं भांडणातून माहीत आहे. आणि भांडण एकट्यानं कसं सांगायचं? मी माझी बाजू मांडली असती तर तू मागच्या रांगेतून उठून ‘थांब ना बे’ म्हणाला नसतास. म्हणून गप्प बसलो. तिथे जे बोललो नाही ते इथे तुझ्याशीच बोलतो.

आपण दोघं एकाच वर्षी खाणीच्या टीममध्ये आलो. नव्वदीची सुरुवात होती. हिवाळ्यातल्या हॉकी लीगमध्ये तेव्हा कंपन्यांच्या टीमचा जोर होता. खाण, सिमेंट, वीज, ज्याची त्याची टीम, आणि चांगला खेळणारा दिसला की हंगामाचा करार करून उचलायचे. राहायला क्वार्टर, महिन्याला पगार, आणि खेळ जमला तर पुढे कायमची नोकरी. माझे वडील चंद्रपूरला जटपुऱ्याजवळ सायकलरिक्षा ओढायचे. तो करार हातात आला त्या दिवशी त्यांनी रिक्षा बाजूला लावून सगळ्या रिक्षावाल्यांना चहा पाजला. तुझ्या घरी काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस. तू घुग्घुसच्या खाणीवर आलास तो एका थैलीत कपडे आणि दुसऱ्या थैलीत मिरच्या घेऊन.

कॉलनीतल्या त्या क्वार्टरमध्ये खिडकी उघडली की ताटात कोळशाची धूळ यायची. तू मासे चिंचेत शिजवायचास, इतके तिखट की मी खाताना रडायचो आणि तू हसायचास. कंपनीनं पहिल्यांदा बूट दिले तेव्हा तू ते घालून खाटेवर बसून राहिलास, जमिनीवर पाय ठेवायला तयार नव्हतास. मैदानावर मात्र तू वेगळाच होतास. सेंटर हाफला, मैदानाच्या मधोमध उभा राहायचास, ओरडायचा नाहीस, धावायचासुद्धा कमी. बॉल कुठे येणार ते तुला आधीच कळायचं, आणि मी पुढे पळालो की माझ्या काठीपाशी तो आपोआप यायचा. त्या हंगामात माझे जे गोल झाले त्यांतले बहुतेक तुझे आहेत. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तू म्हणाला असतास, मग तुझा पगार अर्धा मले दे.

उन्हाळ्यात तू घरी गेलास आणि परत आलास तो बदलून आलास. मग एकदा जेवताना सांगितलंस की तुमचा सिरोंच्याचा क्लब बंद पडला. खाणीनं तुला उचललं, सिमेंटवाल्यांनी तुमचा गोलकीपर उचलला, मग उरलेली पोरं दोनतीन सामने हरली आणि खेळायचीच थांबली. मैदानावर कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, लाल लाल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोलाचे बांबू कुणाच्या तरी मांडवाला गेले होते.

मी म्हटलं, होते असं. तू म्हणालास, “होते नाई. करतेत.”

पुढचा करार आला तेव्हा तू सही केली नाहीस. टीममध्ये सगळ्यांनी तुला येडा म्हटलं, मीही म्हटलं. एक वर्ष आणखी खेळला असतास तर कायम झाला असतास. तू बूट कंपनीला परत करायला गेलास, तर स्टोअरवाला म्हणाला, वापरलेले बूट घेऊन आम्ही काय करू? मग ते गळ्यात अडकवून तू सिरोंच्याच्या गाडीत बसलास.

त्यानंतर तू काय काय केलंस ते मी फक्त पाहिलं. मासे धरणारी, मिरचीच्या शेतात राबणारी पोरं गोळा करून तू क्लब पुन्हा उभा केलास. काठ्या पुरत नव्हत्या, म्हणून बदली खेळाडू आत आला की बाहेर जाणारा आपली काठी त्याच्या हातात द्यायचा. आमची पोरं ते पाहून हसायची. सिरोंच्याहून तुम्ही दिवसभराची गाडी करून यायचात, कधीकधी गाडीतून उतरून सरळ मैदानावर. आम्ही क्वार्टरमध्ये झोपून, अंडी खाऊन उतरलेलो. किती गोल व्हायचे ते मोजणं आम्हीच सोडून दिलं होतं. मध्यंतर झालं की लोक उठून जायचे. तू हरल्याचं दुःख करायचा नाहीस, पण त्या उठून जाणाऱ्या लोकांकडे पाहत राहायचास. मला तेव्हा वाटायचं तुला लाज वाटते. नंतर कळलं, तू विचार करत होतास.

लीगची सभा व्हायची ती चंद्रपुरात, शाळेच्या एका खोलीत. क्लब संख्येनं जास्त होते, पण मैदान कंपन्यांचं, मंडप कंपन्यांचा, बक्षिसं त्यांची, त्यामुळे क्लबवाले चहा पिऊन जायचे, तोंड उघडायचे नाहीत. तू उघडलंस. तुझा पहिला मुद्दा तिकिटाचा होता. तिकिटाचं उत्पन्न ज्याच्या मैदानावर सामना त्याचं, असं चालत आलं होतं. सिरोंच्याला एवढ्या दूर कोण येणार, म्हणून तुमच्या मैदानावर एकही सामना कधी झाला नाही, आणि तुम्हाला कधी काही मिळालं नाही. तू म्हणालास, सगळं एकत्र करा आणि सगळ्या टीमला सारखं वाटा. आमचे साहेब हसून म्हणाले, भाऊ, लोक आमची टीम पाहायला येतात. तू शांतपणे विचारलंस, “साहेब, तुमची टीम एकटीच खेळते का?”

ते पास झालं. लोक मध्यंतरातच उठून जातात हे साहेबांनाही दिसत होतं. मी तुझ्या बाजूनं हात वर केला होता, हे तुला आठवत असेल. आपलं बिनसलं ते पुढच्या वर्षी.

तुझा दुसरा मुद्दा असा, की कुठल्याही टीमला बाहेरचे खेळाडू करारावर तीनच ठेवता येतील. बाकीचे तिचे स्वतःचे, तिथल्याच कामगारांतले, तिथल्याच कॉलनीतले. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा आहे त्यानं सगळा जिल्हा उचलून आपल्या घरी न्यायचा नाही. मी तेव्हा खाणीच्या टीमचा मॅनेजर झालो होतो. मी उभा राहिलो आणि विरोध केला. साहेबांनी सांगितलं म्हणून नाही, समय्या. मी मनापासून केला. मी रिक्षावाल्याचा पोरगा. त्या कराराशिवाय मी आज कुठे असतो? टीमला न्याय मिळावा म्हणून तू पोरांचा रस्ता बंद करत होतास. मी म्हटलं, तुझा क्लब वाचंल, पण एखाद्या गरिबाच्या समोरचं ताट तू काढून घेऊन राह्यला.

तू म्हणालास, “ताट पाहिजेच ना. पण सगळे ताटं एकाच घरी काऊन वाढतेत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या म्हणण्याला तुझ्याकडेही पुरतं उत्तर नव्हतं. नियम पास झाला. बाहेर आल्यावर आपण एकाच टपरीवर चहा प्यायलो आणि तिथेही भांडलो. ते भांडण मग संपलंच नाही. दर हिवाळ्यात, दर सभेनंतर, कधी माझ्या घरी जेवताना. माझी बायको म्हणायची, तुम्हाले दुसरा विषय नाई का? नव्हता.

एक कबूल केलं पाहिजे, तुझ्या नियमानं लीग जिवंत झाली. तिकिटाच्या वाट्यातून तुम्ही काठ्या घेतल्या, एक दिवस आधी येऊन शाळेत मुक्काम करायला लागलात. झोप झालेली पोरं कशी खेळतात ते तेव्हा आम्हाला कळलं. आणि मग एका वर्षी तुम्ही आम्हाला हरवलंत, आमच्याच मैदानावर. एका गोलानं. शेवटची काही मिनिटं आमची पोरं तुमच्या गोलावर तुटून पडली होती आणि तुझी पोरं आडवी पडत होती, काठीनं, पायानं, छातीनं. एकही माणूस उठून गेला नाही. आमच्याच कॉलनीतले लोक, आमचेच कामगार, तुमच्यासाठी ओरडत होते. मी हरलेल्या बाजूला उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. शिटी वाजली तेव्हा तू मैदानात धावला नाहीस. खाली बसलास आणि टॉवेलनं तोंड झाकून घेतलंस.

त्या हरण्यापायी माझं मॅनेजरपद गेलं. कुणाला तरी जबाबदार धरायचं असतं. मी घरात बसून होतो, कोणाला भेटत नव्हतो, तर तू आलास. वाळलेले मासे आणि मिरच्या घेऊन आलास, राहिलास, माझ्या लेकीला तेलुगूत मोजायला शिकवलंस, ओकटी, रेंडू, मूडू. हॉकीचं नावही काढलं नाहीस. निघताना मी म्हटलं, तुझ्यापायी पद गेलं माहं. तू म्हणालास, “म्हून तर आलो.” एवढंच. समय्या, माणसं दुःखात भेटायला येतात तेव्हा किती बोलतात. तू बोलला नाहीस, त्याचे उपकार मी अजून विसरलो नाही. पुढच्या वर्षी त्यांना दुसरा कोणी मिळाला नाही आणि मला परत बोलावलं. तेव्हाही तुझा पहिला फोन आला, आणि तो भांडायलाच आला.

आता पोचमचं. इथे येईपर्यंत मी लांबण लावली, कारण हे सांगणं मला जड जातं.

पोचम तुझा भाचा. तुझ्या बहिणीचा, राजक्काचा एकुलता पोरगा. वडील लहानपणीच गेलेले, आई मिरच्या तोडायला जायची. तूच त्याच्या हातात काठी दिलीस आणि तो तुझ्याहून मोठा खेळाडू निघाला. त्याला पळताना पाहिलं की आपल्या पायांचा राग यायचा. आमच्या साहेबांना तो पाहिजेच होता. पण आमच्या तीन जागा भरलेल्या होत्या. मग साहेबांनी वाट काढली. पोचमला वर्कशॉपमध्ये कामगार म्हणून घ्यायचं. कामगार म्हटला की तो घरचाच, करारातला नाही, नियमात बसतो. नोकरी मिळते, टीमला खेळाडू मिळतो, पोराचं भलं होते. मला ते पटलं. मी स्वतः सिरोंच्याला येऊन राजक्काला सांगितलं. तिनं माझे हात धरले. तू भिंतीला टेकून बसला होतास. काही बोलला नाहीस, मी ते होकार समजलो.

सभेत ते नाव आलं तेव्हा सगळे तुझ्याकडे पाहत होते. हरकत घेणार तर तूच. बाकीच्या क्लबवाल्यांनी आपसात ठरवलं होतं, समय्याचा भाचा आहे, तो गप्प राहिला तर आपणही गप्प. तू उठलास.

“कामगार म्हून घ्या. आनंद हाय,” तू म्हणालास. “पण खेळायसाठी घेतलेला कामगार करारातलाच हाय. नियम सगळ्याइले सारखा. माह्या भाच्यालेबी.”

साहेबांनी फाईल मिटली. न खेळणारा कामगार त्यांना नको होता. पोचमची नोकरी तिथेच गेली.

मी तुला पायऱ्यांवर गाठलं. माझ्या आयुष्यात मी कुणाशी इतका कडक बोललो नसेन. म्हटलं, तुझा नियम जिंकला अन् तुझा पोरगा हारला, आता घरी जाऊन बहिणीले काय तोंड दाखवशीन? तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. गाडीची वेळ झाली म्हणालास आणि स्टँडकडे चालायला लागलास. तुझी चाल त्या दिवशी म्हाताऱ्यासारखी होती.

राजक्कानं तुझ्याशी बोलणं टाकलं हे मला कळलं. काही दिवसांनी कळलं की पोचम नदी ओलांडून पलीकडे आंध्रात गेला, तिथल्या एका खाणीच्या टीमनं त्याला ठेवून घेतलं. त्यांच्या लीगला असला काही नियम नव्हता. म्हणजे सिरोंच्यालाही तो मिळाला नाही आणि आम्हालाही नाही. मी हे तुला किती वेळा ऐकवलं असेल. तुझ्या नियमाचा काय फायदा झाला, सांग. तू दरवेळी म्हणायचास, गेला तो, बरं झालं. इतक्या सपाट आवाजात म्हणायचास की मला वाटायचं, या माणसाच्या आत नियमाशिवाय काही उरलं नाही. तरी मी तुझ्याशी भांडत राहिलो. भांडण थांबलं असतं तर दोस्तीच थांबली असती.

आता तुझ्या अंगणात काय झालं ते ऐक.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचम आला. नावेनं आला. चांगला भरला आहे आता, केस कानापाशी पांढरे व्हायला लागलेत, पलीकडच्या खाणीत कायम आहे, दोन मुलं आहेत. राजक्का दाराशी बसली होती, तिच्या पायाशी बसून तो रडला. मग माझ्याजवळ आला आणि म्हणाला, भाऊ, तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. मामानं सांगू दिलं नव्हतं.

तू हरकत घेतलीस त्या सभेच्या पुढच्या आठवड्यात तूच त्याला नदीपलीकडे घेऊन गेला होतास. त्या खाणीच्या मैदानावर रोज जाऊन बसायचास, त्यांचा कोच दाद देत नव्हता. तिथे तुला कोण ओळखत होतं? एक दिवस कोच वैतागून म्हणाला, याला शिकवलं कोणी? तू म्हणालास, मी. मग खेळून दाखव, तो म्हणाला. आणि त्या वयात, ते दुखरे गुडघे घेऊन, तू पोचमबरोबर त्यांच्या पोरांविरुद्ध खेळलास. पोचम सांगत होता, मामा सेंटर हाफला उभा राहिला, धावला नाही, पण मी जिथे पळायचो तिथे बॉल येत होता. संध्याकाळी कोचनं पोचमला ठेवून घेतलं आणि तुला चहा दिला. तू परत येणाऱ्या नावेत बसलास तेव्हा तुला पाय दुमडता येत नव्हते.

पोचमनं तुला विचारलं होतं, मामा, एवढं करायचंच होतं तर सभेत उठला काऊन? तू म्हणालास, “नियम माहा हाय. त्याची भरपाई तू काऊन करशीन?”

आणि आईला सांग म्हणालास, पण नोकरी कायम झाल्यावर. तिनं पुढे तुझ्याशी बोलायला सुरुवात केली ती का, हेही मला परवाच कळलं. आणि माझं नाव घेऊन म्हणालास, दिवाकरले नको सांगू. त्याले वाटंल का मी हारलो.

समय्या, मी त्या अंगणात हसलो. बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. आणि मग मला जे रडू आलं ते शोकसभेत येतं तसं नव्हतं. इतकी वर्षं मी तुला विचारत राहिलो, नियमानं ज्याचं नुकसान होते त्याचं काय? तुझ्याकडे उत्तर होतं. तू ते पायांनी दिलं होतंस, नदी ओलांडून, आणि मला सांगितलं नाहीस, का तर आपलं भांडण चालू राहावं.

पुढच्या महिन्यात लीगची सभा आहे. कंपन्यांनी ठराव आणला आहे, तीन जागांची अट काढून टाका. दिवस बदलले, खेळाडूला मोकळीक पाहिजे, असं म्हणतात. माझेच शब्द आहेत, वर्षानुवर्षं मी तिथे बोललेले. आमचे नवे साहेब म्हणाले, दिवाकरभाऊ, तुम्हीच मांडा, तुमचा तर सुरुवातीपासून विरोध. मी त्यांना नाही म्हटलं. मी उठणार आहे, पण अट राहू द्या असं सांगायला.

फक्त त्यात मी एक जोड देणार आहे. नियमापायी ज्या पोराची जागा जाईल त्याला जागा शोधून देणं हे लीगचं काम असेल, कोण्या मामाचं नाही. तिकिटाच्या उत्पन्नातला एक वाटा त्यासाठी आधीच बाजूला काढायचा. एका माणसानं गुडघे झिजवून जे केलं ते सगळ्यांनी मिळून करायचं. मला हे बरोबर वाटतं. रात्रंदिवस विचार केला तरी मला यात खोट सापडत नाही.

तुला सापडली असती. मी बोलून खाली बसलो की तू मागच्या रांगेतून उठला असतास, हे मला पक्कं माहीत आहे, आणि नाई म्हणाला असतास. काऊन नाई म्हणाला असतास, तेवढं मात्र मला किती डोकं लावलं तरी सुचत नाही. कोणाले विचारू आता?